टनेलच्या तोंडाशी अडलेलं ट्रिम: झुआरीकाठच्या एका प्रवासी बोटीचं प्रकरण

गोव्यातल्या यार्डांचा हात बार्जवर बसलेला. खनिजवाहू बार्ज म्हणजे मधे सरळ पेटी, पुढेमागे तळाला दिलेला उतार आणि कडेला एकाच त्रिज्येची गोलाई. तिचा हल, म्हणजे बाहेरचं कवच, कागदावर काढला तरी पत्रे कापता येतात. 2012 साली खाणी थांबल्या, मधे सुरू झाल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. या प्रकरणातलं झुआरीकाठचं छोटं यार्ड त्या काळात प्रवासी बोटींकडे वळलं. त्यांनी घेतलेली ही बोट पोलादी, लांबीला 22 मीटर, पाण्याच्या रेषेवर 21 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद, ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालची खोली, 0.9 मीटर. प्रोपेलर दोन, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर हलच्या तळात आत घेतलेलं एकेक टनेल, म्हणजे कमानदार खोबण.

टनेल हौसेचे नव्हते. मांडवी-झुआरीत उधाणाला भरती-ओहोटीचा फरक दोन मीटरच्या आसपास जातो आणि ओहोटीला काही जेटींपाशी पाणी फार उरत नाही. एवढ्या कमी ड्राफ्टमध्ये 750 मिमी व्यासाचा प्रोपेलर बसवायचा तर त्याचा वरचा भाग हलच्या आत घ्यावाच लागतो. टनेल मागे ट्रान्समकडे, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीकडे, पुरतं खोल असतं आणि पुढे हळूहळू उथळ होत तळात विरून जातं. हे ‘विरून जाणं’च पुढच्या सगळ्या कटकटीचं मूळ ठरलं.

लाइन्स प्लॅन (हलच्या आकाराच्या रेषांचं ड्रॉइंग) आणि राइनो या सॉफ्टवेअरमधलं थ्रीडी मॉडेल एका दुसऱ्या डिझाइन ऑफिसातून आलं होतं. आमच्याकडे काम होतं ते उत्पादनाचं: हायड्रोस्टॅटिक्स, म्हणजे बोटीच्या तरंगण्याचा हिशेब, ताडून पाहायचं, फ्रेमची (हलच्या आतल्या आडव्या फासळ्यांची) ड्रॉइंग काढायची आणि पत्रे उलगडण्यासाठी, म्हणजे वळलेल्या पत्र्याचा सपाट आकार काढण्यासाठी, यार्डाला फाइल द्यायची.

काय बिघडलं होतं

पहिली तक्रार आकड्यांची. लाइन्स प्लॅनवरच्या ऑफसेटवरून, म्हणजे हलच्या मापांच्या तक्त्यावरून, हिशेब केला की डिस्प्लेसमेंट (बोटीने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन) 59.0 टन येत होतं. टनेल धरलेच नाहीत तर 60.4. आणि थ्रीडी मॉडेल स्टॅबिलिटीच्या सॉफ्टवेअरमध्ये घातलं की 57.1. दोन टनेल मिळून जेमतेम दीड टनाची जागा खातात, ती आधीच वजा केलेली. मग आणखी जवळपास दोन टन गेले कुठे?

दुसरी तक्रार यार्डाच्या संगणकावरून आली. आमच्या फाइलवरून पत्रे उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या टनेलच्या जागी हलला भोकच नव्हतं. तळ अखंड, आणि त्याच्या आतून टनेल आरपार गेलेलं. उजव्या बाजूला भोक होतं.

तिसरी तक्रार मेस्त्रींची. ते मूळचे मालवणकडचे, पत्रा वळवण्यात उभं आयुष्य गेलेलं. टनेलच्या पुढच्या पत्र्याचा प्रिंट समोर धरून त्यांनी एवढंच विचारलं, “सायबानू, ह्यो पत्रो वळतलो कसो ता सांगा.” 5 मिमी जाडीचा तो पत्रा पुढे निमुळता होत गेला होता आणि शेवटचा अर्धा मीटर 40 मिमीपेक्षाही अरुंद शेपटी होती. अशी शेपटी कापताना उष्णतेने पिळते, वळवायच्या यंत्रात पकडता येत नाही आणि वेल्डिंगला घेतली तर वितळून जाते.

तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या माणसांच्या, वेगवेगळ्या पडद्यांवरच्या. पण तिघांचंही बोट एकाच जागेकडे रोखलेलं होतं: ट्रान्समपासून सव्वापाच मीटर पुढे, टनेलच्या तोंडाशी.

दोन टन कुठे गेले

डिस्प्लेसमेंट चुकलं की मी आधी सेक्शनच्या, म्हणजे हलच्या आडव्या कापांच्या, क्षेत्रफळांचा आलेख काढतो. एकूण बेरीज काहीच सांगत नाही; आलेख मात्र जागा दाखवतो. 21 मीटरचे 20 भाग, म्हणजे दर 1.05 मीटरला एक स्टेशन. आलेख मागून पुढे नीट चढत होता आणि पाचव्या स्टेशनला खड्ड्यात पडत होता. तिथे दोन्ही बाजू मिळून 3.0 चौरस मीटर अपेक्षित, सॉफ्टवेअर म्हणत होतं 1.7.

तो एकच सेक्शन मोठा करून पाहिला. तळाच्या मध्यावरच्या किलपासून निघालेली रेषा तळावरून बाहेर येते, टनेलच्या काठाला पोचते आणि तिथे 12 मिमीची फट. फटीपलीकडे टनेलची कमान, आणि पुढे बाहेरचा तळ. सेक्शन बंद होत नाही म्हटल्यावर सॉफ्टवेअरने फटीच्या आतला भाग मोजला आणि बाहेरचा सोडून दिला. 12 मिमीच्या फटीने दर बाजूला 0.65 चौरस मीटर गिळलं.

त्यात नशीबही वाईट. या क्षेत्रफळांवरून आकारमान काढायच्या सिम्पसनच्या नियमात सम स्टेशनला 2 चा गुणक आणि विषम स्टेशनला 4 चा. चूक पाचव्यावर पडली, म्हणून 1.05 भागिले 3, गुणिले 4, गुणिले 1.3 म्हणजे 1.82 घनमीटर, खाऱ्या पाण्यात 1.87 टन. 59.0 मधून वजा करा, 57.1 येतात. हीच फट चौथ्या स्टेशनवर असती तर चूक निम्मी झाली असती आणि कदाचित कोणाच्या लक्षातही आली नसती. अशा निम्म्या चुकांच्या बोटी पाण्यात असतील, याबद्दल मला शंका नाही.

चूक नुसती वजनाची नव्हती. गेलेलं आकारमान मागच्या बाजूचं, म्हणून उत्प्लावनाचा मध्य (पाण्याचा वर उचलणारा जोर एकवटतो तो बिंदू) 14 सेंटीमीटर पुढे सरकलेला दिसत होता. त्या हिशेबाने बोट मागे सुमारे 6 सेंटीमीटर बसणार होती. पावसाळ्यात नदीचं पाणी गोडं होतं तेव्हा हीच बोट साधारण दीड सेंटीमीटर खाली जाते, त्या तुलनेत हा आकडा मोठा. तो पाहून डिझेलची टाकी एका फ्रेमने पुढे घ्यायचा विचारही सुरू झाला होता. टाकी हलली असती, आणि बोट पाण्यात उतरल्यावर नाक खाली घालून उभी राहिली असती.

ट्रिम केलं म्हणजे काय झालं

नव्या मॉडेलरांना एक गोष्ट सांगावी लागते: ट्रिम केलेला, म्हणजे छाटून दाखवलेला, सरफेस (मॉडेलमधला पृष्ठभाग) कापलेला नसतो. शिंप्याने कापडावर खडूने आखावं आणि कात्री लावूच नये, तसं ते असतं. मूळ नर्ब्स सरफेस, म्हणजे गणिती वक्रांनी बांधलेला पृष्ठभाग, अखंडच राहतो. त्याच्या यू-व्ही प्रतलात, म्हणजे सरफेसवरच्या जागा मोजायच्या त्याच्या स्वतःच्या दोन अक्षांच्या प्रतलात, एक बंद रेषा आखली जाते आणि तिच्या कुठल्या बाजूचा भाग दाखवायचा तेवढं नोंदवलं जातं. अनट्रिम केलं की लपलेला सगळा भाग परत येतो.

ही बंद रेषा येते दोन सरफेसच्या छेदातून, आणि छेद कधीच तंतोतंत मिळत नाही. दोन बायक्युबिक (दोन्ही दिशांना तिसऱ्या घाताच्या) सरफेसच्या छेदरेषेचा बैजिक घात 324 पर्यंत जातो. एवढ्या घाताची वक्ररेषा कुठलंच सॉफ्टवेअर साठवत नाही. ते काही बिंदू शोधतं, त्यांतून साध्या घाताची रेषा नेतं आणि ती दिलेल्या टॉलरन्समध्ये बसली की थांबतं. वर ही एक रेषा तीन ठिकाणी ठेवावी लागते: अवकाशात एकदा, पहिल्या सरफेसच्या यू-व्हीमध्ये एकदा, दुसऱ्याच्या यू-व्हीमध्ये एकदा. तिन्ही एकमेकींच्या जवळ असतात, एकरूप नसतात. टॉलरन्स म्हणजे त्यांच्यातल्या अंतराला दिलेली परवानगी.

मग फाइलचा टॉलरन्स पाहिला. युनिट मीटर, टॉलरन्स 0.01. म्हणजे 10 मिमी, 5 मिमी पत्र्याच्या बोटीत. सॉफ्टवेअर आपलं काम चोख करत होतं. पत्र्याच्या दुप्पट जाडीइतकी चूक चालेल असं त्याला सांगून ठेवलेलं होतं.

इथे बहुतेक जण थांबतात. टॉलरन्स घट्ट करतात, ट्रिमचं बटण पुन्हा दाबतात. आमच्या मॉडेलरनेही टॉलरन्स 0.0001 मीटर, म्हणजे 0.1 मिमी, केला. फरक शून्य. कारण साधं आहे. टॉलरन्स बदलला तरी आधी झालेलं ट्रिम जुन्याच टॉलरन्सवर राहतं. ते सोडवून नव्याने करावं लागतं. तिने तसंही केलं. ट्रान्समजवळ टनेलची बाजू आणि हल आता सुरेख जुळले. तोंडाशी मात्र छेद तीन तुकड्यांत आला, एक तुकडा तर केवळ 6 मिमीचा, आणि दोन तुकड्यांच्या मधे मोकळी जागा.

तोंडाशीच का

दोन सरफेस काटकोनाच्या आसपास छेदतात तेव्हा छेदरेषा कुठे आहे याबद्दल वाद नसतो. कोन लहान होत जातो तशी रेषेची जागा डळमळते. सरफेसच्या स्थानात टॉलरन्सइतकी सूट धरली तर रेषेची जागा टॉलरन्स भागिले कोनाची ज्या (साइन), एवढ्याने हलू शकते. 10 मिमी टॉलरन्सवर 20 अंशाला ते 29 मिमी येतं, 5 अंशाला 115 मिमी, 1 अंशाला 573 मिमी. 0.1 मिमी टॉलरन्सवर हेच आकडे 0.29, 1.15 आणि 5.7 मिमी होतात. म्हणून बाजूच्या भिंती सुधारल्या.

पण टनेल पुढे विरतं तिथे कोन लहान नसतो, शून्य असतो. दोन्ही सरफेस एकमेकांना स्पर्श करत जातात आणि त्यांच्यातलं अंतर स्पर्शबिंदूपासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतं. दोघांच्या वक्रतेतला फरक 10 मीटर त्रिज्येइतका धरू. अंतर 10 मिमी व्हायला स्पर्शबिंदूपासून 447 मिमी दूर जावं लागतं. म्हणजे पुढेमागे मिळून जवळपास 90 सेंटीमीटरच्या पट्ट्यात सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दोन्ही सरफेस ‘एकच’ आहेत, आणि त्या पट्ट्यात छेद कुठे असं विचारण्याला अर्थ नाही. टॉलरन्स शंभरपट घट्ट करून 0.1 मिमी केला तर पट्टा दहापटच आवळतो: दर बाजूला 45 मिमी. आणखी शंभरपट केला तरी 4.5 मिमी उरतोच, आणि तोवर छेदरेषेवर इतके बिंदू साचतात की फाइल जड होते आणि रेषेला बारीक लाटा येतात.

प्रकरणाची गाठ ही होती. टॉलरन्सने ती सैल होते, सुटत नाही. सॉफ्टवेअरला टनेलची सुरुवात विचारली जात होती, आणि ती त्याच्याकडे नव्हतीच. मी मूळ डिझाइन ऑफिसला फोन करून विचारलं, टनेल नेमकं कुठे सुरू होतं? उत्तर आलं, “हलमध्ये मिसळतं तिथे.” वाक्य कानाला बरं वाटतं. त्यातून आकडा मात्र निघत नाही. लाइन्स प्लॅनवरही टनेल तुटक रेषेने दाखवलेलं आणि पुढे रेषा फिकी होत संपलेली. कागदावर पेन्सिल उचलता येते. नर्ब्समध्ये रेषा बंद व्हावीच लागते.

ती बंद करण्यासाठी आधीच्या मॉडेलमध्ये जोडकाम केलेलं होतं. छेदाचे तीन तुकडे हाताने काढलेल्या वक्ररेषेने सांधून हल कापलेला. टनेल मात्र दुसऱ्याच रेषेने ट्रिम केलेलं. दोन काठ सगळ्यात वाईट जागी 12 मिमी लांब. मग एज जबरदस्तीने जोडायच्या कमांडने दोन्ही काठ ‘जोडलेले’. राइनोला ती अंतराकडे न पाहता जोडायला सांगता येते. त्यानंतर शो-एजेसमध्ये नेकेड एज (न जोडलेली कड) दिसत नाही आणि सॉलिड बंद असल्याचा निर्वाळाही मिळतो. फट तिथेच असते. माझ्या मते हलच्या कामात ही कमांड वापरूच नये. न जुळणारी कड निदान जांभळ्या रेषेने ओरडते तरी. जबरदस्तीने जोडलेली गप्प बसते आणि पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये जाऊन बोलते.

याच्या उलटही होतं, तेही सांगून टाकतो. शेडेड दृश्यात दोन पत्र्यांच्या मधे प्रकाशाची बारीक चीर दिसते आणि माणूस तासन्‌तास ती बुजवत बसतो. ती बहुतेक वेळा डिस्प्ले मेशची, म्हणजे पडद्यावर दाखवण्यापुरत्या जाळीची, असते. मेश बारीक केली की नाहीशी होते. चीर खरी की नाही हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. सेक्शन काढायचा आणि अंतर मोजायचं.

टनेलचं तोंड ठरवणं

तोंड ठरवायला संगणकापाशी बसून भागणार नव्हतं, म्हणून यार्डात गेलो. मेस्त्रींच्या अटी स्पष्ट होत्या. पत्र्याचा कुठलाही कोपरा 100 मिमीपेक्षा अरुंद नको. जोड फ्रेमवर पडायला नको. आतून वेल्डिंगचा हात पोचला पाहिजे. फ्रेम दर 500 मिमीला, म्हणजे त्या भागात 5.0 आणि 5.5 मीटरवर. प्रोपेलरच्या बाजूने अट एकच, पण महत्त्वाची: टनेलच्या तोंडाशी धार नको, नाहीतर पाणी तिथेच छताला सोडून देतं आणि प्रोपेलरला भोवऱ्यांचं पाणी मिळतं.

दोन पर्याय होते. एक, तोंडाशी मुद्दाम ठराविक कोनाची ठळक कड द्यायची. म्हणजे छेद नीट मिळतो आणि ट्रिम एका दमात होतं. संथ बार्जला मी हेच केलं असतं. इथे पाण्याच्या प्रवाहासाठी ते नको होतं. दुसरा पर्याय घेतला: स्पर्श तसाच ठेवायचा, पण रेषा आपण द्यायची. तोंड 5.30 मीटरवर, दोन फ्रेमच्या मधे, आणि टोकदार न ठेवता 300 मिमी रुंदीच्या बोथट कमानीचं.

मॉडेलमध्ये ते असं उतरवलं. आधी फाइल मिलीमीटरमध्ये आणली, टॉलरन्स 0.1 केला. सगळे ट्रिम सोडवले आणि मूळ सरफेस उघडे करून पाहिले. त्यांच्यातच दोष असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मग टनेलच्या मागच्या भागात, जिथे भिंत आणि हलमधला कोन 20 अंशांच्या वर आहे तिथवर, म्हणजे साधारण 4.4 मीटरपर्यंत, खरा छेद काढला. तिथे सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. त्यापुढे छेद काढायचाच नाही असं ठरवलं. आराखड्याच्या दृश्यात यू आकाराची रेषा काढली, मागच्या छेदरेषेला स्पर्शरेषेत जोडली, पुढे 300 मिमीची कमान दिली आणि ती सरळ वर हलवर प्रोजेक्ट केली. आता हल ट्रिम करणारी रेषा हलवरच होती. दुसऱ्या सरफेसशी तिचा काही संबंध नाही, म्हणून डळमळण्याचा प्रश्नच नाही.

टनेलचा पुढचा तुकडा मग त्या काठावरून उभा केला. चार कडा: पुढची कमान, डावा काठ, उजवा काठ आणि 4.4 मीटरवरची टनेलची आडवी कमान. पुढे हलशी स्पर्श, मागे टनेलशी स्पर्श. या तुकड्याला ट्रिम लागलंच नाही, कारण त्याच्या नैसर्गिक कडाच हद्द आहेत. बोथट कमानीचा हा दुसरा फायदा. तोंड टोकदार ठेवलं असतं तर तीन कडांचा सरफेस झाला असता, एक कड आक्रसून बिंदू झाली असती, आणि त्या बिंदूवर सरफेसला ठरलेली दिशा नसते. पत्र्याच्या जाडीएवढ्या अंतरावर सरफेसची समांतर प्रत काढायला गेलं की तिथेच तो फाटतो.

कोणीतरी सुचवलं की हे सगळं फ्रीशिप या हल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, त्यात ट्रिमची भानगड नाही. खरं आहे, तिथे सबडिव्हिजन सरफेस (बिंदूंचं जाळं विभागत गुळगुळीत केलेले) असतात, जाळ्यातलीच एखादी कड धारदार करता येते. पण पत्रे उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरला नर्ब्स हवं होतं, आणि तोंड कुठे हे तिथेही कोणीतरी ठरवावंच लागलं असतं.

उरलेली दोन दुखणी

ट्रान्सम आणि हल यांचंही ट्रिम अधूनमधून अडत होतं, कारण हलचा सरफेस बरोब्बर ट्रान्समच्या प्रतलावर संपवलेला. काठावर काठ आला की छेद आहे की नाही हे टॉलरन्सच्या मर्जीवर. हल 150 मिमी मागे वाढवला, ट्रान्समचं प्रतल चहूबाजूंनी मोठं केलं, मग एकाने दुसऱ्याला कापलं. कापणारा सरफेस कापल्या जाणाऱ्याच्या पूर्ण पलीकडे गेलाच पाहिजे. डेकलाही तेच. चाइनची, म्हणजे तळ आणि बाजू मिळतात तिथली, कड एकाच सरफेसमध्ये दुमडून काढलेली होती. ती कडेवर फोडून तळ आणि बाजू असे दोन सरफेस केले, कारण छेदरेषा दुमड ओलांडताना नेहमी अडखळते. नाहीतरी तिथे पत्र्याचा जोडच येणार होता.

डाव्या टनेलचं गायब झालेलं भोक हे मात्र वेगळं निघालं. यार्डाला मॉडेल द्यायची आयजेस फाइल साधी मजकुराची असते, 80 रकान्यांच्या ओळी. नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. उघडली. सुरुवातीच्या भागात युनिटचा आकडा 6, म्हणजे मीटर (2 असता तर मिलीमीटर), आणि किमान रिझोल्यूशन 0.01. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने याचा अर्थ घेतला: 10 मिमीपेक्षा जवळचे दोन बिंदू म्हणजे एकच बिंदू. आता 144 क्रमांकाची नोंद म्हणजे ट्रिम केलेला सरफेस; ती 128 क्रमांकाच्या मूळ सरफेसकडे आणि 142 क्रमांकाच्या हद्दरेषेकडे बोट दाखवते. डाव्या टनेलच्या हद्दरेषेत एक तुकडा 6 मिमीचा होता. तो आक्रसून बिंदू झाला, साखळी तुटली, रेषा बंद होईना, म्हणून सॉफ्टवेअरने हद्द टाकून दिली आणि अख्खा सरफेस दाखवला. आरशातल्या उजव्या बाजूला हा तुकडा शेजारच्या रेषेत विलीन झालेला होता, म्हणून तिथलं भोक शाबूत. भोक गायब असल्याची कुठलीही सूचना पडद्यावर आली नव्हती. यार्डातल्या मुलाने डोळ्यांनी पाहिलं म्हणून सापडलं.

नव्या मॉडेलमध्ये भोकाची हद्द मोजक्या लांब तुकड्यांची झाली. एक्स्पोर्ट करण्याआधी ट्रिम केलेले सरफेस त्यांच्या हद्दीपुरते आखडून घेतले, म्हणजे यू-व्हीचा पसारा दिसणाऱ्या भागाएवढाच राहतो. शिवाय 142 मध्ये एक खूण असते: अवकाशातली रेषा प्रमाण मानायची की यू-व्हीमधली. दोन सॉफ्टवेअरचं यावर एकमत नसेल तर भोक जागेवरून किंचित सरकतं. यार्डाच्या सॉफ्टवेअरला अवकाशातली रेषा पटते असं एक साधा चौकोन भोक पाडून पाठवल्यावर दिसलं, म्हणून तशीच पाठवली.

तपासणी

4.0 ते 6.0 मीटरच्या दरम्यान दर 50 मिमीला सेक्शन काढले, सगळे बंद. जबरदस्तीची जोडणी कुठेही न वापरता पॉलीसरफेस, म्हणजे जोडलेल्या सरफेसचा एकसंध संच, आपणहून बंद झाला. डिस्प्लेसमेंट 59.0 टन, ऑफसेटच्या हिशेबाशी जुळलेलं. डिझेलची टाकी होती तिथेच राहिली. यार्डाच्या सॉफ्टवेअरमधून आयजेस पुन्हा आमच्याकडे आणली आणि प्रत्येक पत्र्याचं क्षेत्रफळ आधीच्याशी लावून पाहिलं. भोक हरवलं असतं तर तिथे लगेच कळलं असतं. तेवढं एक्सेल आता आम्ही प्रत्येक फाइलसोबत पाठवतो.

मेस्त्रींनी यातल्या कशावरही भरवसा ठेवला नाही. त्यांनी टनेलच्या पुढच्या पत्र्याचा पूर्ण मापाचा उलगडा प्लायवुडवर काढून घेतला, कापला आणि बांधून झालेल्या फ्रेमवर टेकवून पाहिला. डावीकडे 2 मिमी जास्त निघाला. तेवढं ते कानसीने घालवतात. 

एक काम मागे राहिलं होतं, ते लाइन्स प्लॅनवरचं. टनेलची तुटक, फिकी होत जाणारी रेषा खोडून तिथे पूर्ण रेषा आली आणि ऑफसेटच्या तक्त्यात तिला स्वतःचे दोन रकाने मिळाले: प्रत्येक फ्रेमवर टनेलच्या काठाची मध्यरेषेपासूनची रुंदी आणि बेसलाइनपासूनची उंची, 5.30 च्या कमानीसकट. मूळ ऑफिसने ती सुधारित प्रत मंजूर करून परत पाठवली.